दुसरी संधी, पण कोणाच्या जिवावर?

पत्र, थोडक्यात:

कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत वडिलांनी उभी केलेली आमची फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना आहे. ट्रॅक्टर आणि ट्रकची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग करतो, अडीचशेच्या आसपास माणसं आहेत. चार वर्षांपूर्वी कारभार माझ्याकडे आला. आमचे ऑपरेशन्सचे प्रमुख, सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात, चौदा वर्षं आमच्याकडे होते. माणूस विलक्षण हुशार. फुटलेलं कास्टिंग हातात घेऊन नुसतं बघायचे आणि सांगायचे, आज साच्याच्या सँडमध्ये, म्हणजे वाळूत, पाणी जास्त झालंय. त्यांच्या काळात रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, ९ टक्क्यांवरून ४ च्या खाली आलं. पण तोंड भयंकर. मीटिंगमध्ये मोजमापाचा गेज फेकायचे, रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर शिव्या. त्यांच्या हाताखाली तीन क्वालिटी हेड सोडून गेले. शेवटी एका नव्या इंजिनीअरला त्यांनी सहा किलोचं रिजेक्ट कास्टिंग हातात देऊन मोल्डिंग लाइनसमोर दोन तास उभं केलं. तो मुलगा दुसऱ्या दिवशी आलाच नाही. मी सरांचा राजीनामा मागितला.

या गोष्टीला वर्ष उलटून गेलं. रिजेक्शन ७ टक्क्यांवर गेलंय, मोठ्या कस्टमरने आम्हाला नवीन पार्ट देणं थांबवलंय. सर मध्यंतरी बेळगावच्या एका फाउंड्रीत लागले होते, तिथूनही वर्षाच्या आत बाहेर पडले. आता साच्यांचे नमुने बनवणाऱ्या आमच्या पॅटर्नवाल्याकडून त्यांचा निरोप आलाय: 'मी बदललोय. झालं गेलं विसरून बोलावलंत तर उद्या येतो.' बाबा म्हणतात, दुभत्या गाईच्या लाथा गोड मानायच्या असतात. शिवाय २०१९ च्या महापुरात हायवे बंद होता तेव्हा हाच माणूस घरी न जाता कारखान्यात राहिला, हे विसरू नकोस म्हणतात. एचआर म्हणते, अजिबात नको. माझं मन म्हणतं, माणसाला दुसरी संधी मिळायला हवी. काय करू?

उत्तर:

ताई,

तुमच्या बाबांच्या म्हणीपासूनच सुरुवात करते, कारण तुमचा सगळा पेच तिच्यात आहे. दुभत्या गाईच्या लाथा गोड, हे खरं. पण ज्या घरात दूध जातं त्याच घराने लाथा खाल्ल्या तर. तुमच्या फाउंड्रीत दूध ऑफिसात आलं आणि लाथा शॉप फ्लोअरवर बसल्या. रिजेक्शन कमी झाल्याचा फायदा कंपनीला, म्हणजे तुमच्या घराला झाला. सहा किलोचं कास्टिंग मात्र एका मुलाने हातात धरलं, ज्याचा पगार त्या फायद्यातून शंभर रुपयांनीही वाढला नसेल. म्हणून 'सरांना दुसरी संधी द्यावी का' या प्रश्नाला मी लगेच हो किंवा नाही म्हणणार नाही. आधी हे विचारते, की ही संधी द्यायचा अधिकार एकट्या तुमचा आहे का? मोठं मन तुम्ही दाखवणार, आणि ते चुकीचं ठरलं तर किंमत सुपरवायझर, क्वालिटीची पोरं, वाळूचे गाभे बनवणाऱ्या कोअर शॉपमधल्या बायका मोजणार. दुसऱ्याच्या खिशातून केलेला दानधर्म आपल्याला फार सोपा वाटतो.

आता दुसरी गोष्ट, आणि ही सरांच्या बाजूची आहे. दुसरी संधी म्हणताय, तर पहिली नीट दिली होती का?

सरांची पर्सनल फाइल काढून बघा. चौदा वर्षांची अप्रेझल्स, इन्क्रिमेंटची पत्रं, सगळं. माझा अंदाज असा की तिथे तुम्हाला दरवर्षी उत्तम शेरा आणि भरघोस वाढ दिसेल, आणि वागण्याबद्दल एक ओळही दिसणार नाही. अशा घरगुती कंपन्यांत बहुतेक ठिकाणी असंच चालतं. मालक केबिनमध्ये चहा मागवून म्हणतात, 'अहो सर, पोरांना जरा सांभाळून घ्या हो.' आणि बाहेर येऊन रडवेल्या पोराला सांगतात, 'मनाने वाईट नाहीत रे ते, कामाचं टेन्शन असतं.' दोघांनाही वाटतं, मालक आपल्या बाजूने आहेत. सर चौदा वर्षं हेच शिकले की आकडा चांगला असला की बाकी सगळं चालतं. मग एका दिवशी अचानक राजीनामा मागितला गेला. त्यांच्या जागी बसून बघितलं तर त्यांना धक्का बसला असणारच, आणि 'झालं गेलं विसरा' असा निरोप का येतो तेही कळतं. नेमकं काय झालं गेलं, हे त्यांना कोणी नाव घेऊन सांगितलेलंच नसणार.

फाइल कोरी असण्याचा दुसराही परिणाम असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुझन फाउलर या इंजिनीअरने उबरमधला आपला अनुभव जाहीरपणे लिहिला. मॅनेजरने केलेल्या लैंगिक छळाची तिने तक्रार केली तेव्हा तिला सांगण्यात आलं, की त्याची ही पहिलीच चूक आहे आणि तो कामात फार चांगला आहे. पुढे इतर बायकांशी बोलताना तिला कळलं, की त्यांनीही त्याच माणसाची तक्रार केली होती आणि त्यांनाही 'पहिलीच चूक' असंच सांगितलं होतं. पुढे चौकशी झाली, जूनमध्ये कंपनीने वीसहून जास्त लोकांना काढलं आणि त्याच महिन्यात संस्थापक ट्रॅव्हिस कलानिक यांना मुख्याधिकारी पद सोडावं लागलं. तुमचं प्रकरण त्या जातीचं नाही, पण नोंद नसली की काय होतं ते सारखंच आहे. नोंद नसेल तर प्रत्येक चूक पहिलीच ठरते. तुमचे तीन क्वालिटी हेड गेले तेव्हा ते का गेले, हे कोणी लिहून ठेवलंय का? नसेल तर तुम्ही ज्याला दुसरी संधी म्हणताय, ती कदाचित पाचवी किंवा सहावी असेल.

म्हणजे फाइल कोरी असेल तर दोन्हीकडचे लोक नाराज असण्यात काही गैर नाही. सर म्हणू शकतात, मला कोणी सांगितलं नाही. बाकीचे म्हणू शकतात, कंपनी त्यांच्याच मागे उभी होती. दोघांचंही ऐकून घ्यायला हवं.

आता त्या आकड्यांकडे येऊ. ९ वरून ४, आणि ते गेल्यावर ७. हे वाचून कोणालाही वाटेल की औषध सापडलं, सरांना बोलवा. मला इतकं सरळ वाटत नाही. तुमचा धंदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो, तरी एक सांगते. फाउंड्रीत बिघडलेला माल भंगारात विकावा लागत नाही, तो परत भट्टीत जातो. रात्रपाळीत चार कास्टिंग फुटली आणि सुपरवायझरने ती सकाळच्या आत चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत वितळवायच्या मालात, टाकली, तर कागदावर ती कधी बनलीच नव्हती. सकाळच्या मीटिंगमध्ये गेज फेकून मारला जाणार हे माहीत असलेला माणूस दुसरं काय करेल? म्हणून त्यांच्या काळातला ४ हा आकडा किती खरा होता हे तपासा. वीज लपत नाही. तेव्हाच्या आणि आताच्या महिन्यांचं, डिस्पॅच झालेल्या एका टन चांगल्या मालामागे भट्टीचे किती युनिट लागले, ते काढा. पार्ट बदलले असतील तर तेवढी सूट द्या. रिजेक्शन ७ वर जाऊनही युनिट फारसे वाढले नसतील, तर समजा की पूर्वीचा थोडा माल भट्टीत गडप होत होता आणि आता माणसं खरं लिहायला लागली आहेत. तसं असेल तर तो ७ तुमच्या नव्या कारभाराचं अपयश नाही.

तेव्हाच्या हीट लॉगशीट, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक वितळणीच्या नोंदी, त्याही चाळा. पोअरिंग टेंपरेचरच्या, म्हणजे धातू ओततानाच्या तापमानाच्या रकान्यात दिवसच्या दिवस एकच गोल आकडा, १४००, १४००, १४००, एकाच पेनने, एकाच वळणाने लिहिलेला दिसला तर तो पायरोमीटरने, म्हणजे तापमान मोजायच्या यंत्राने, मोजलेला नाही. तो भीतीने भरलेला आहे.

हे सांगताना सरांची हुशारी खोटी होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. फुटलेल्या कास्टिंगकडे बघून सँडमधलं पाणी ओळखणं ही मोठी विद्या आहे, आणि ती असणारी माणसं आपल्याकडे कमी होत चालली आहेत. पण चौदा वर्षांत ती दुसऱ्या एकाही माणसाच्या हातात का उतरली नाही? तीन क्वालिटी हेड आले आणि गेले. शिकण्याइतका वेळ त्यांच्या शेजारी कोणी टिकलंच नाही. म्हणजे ते गेल्यावर तुम्हाला जी पोकळी जाणवते आहे, तिच्यातली काही त्यांच्या हुशारीमुळे आहे आणि काही त्यांच्या वागण्यामुळे. ज्या वागण्याने माणसं गेली, त्याच वागण्याने सर अपरिहार्य झाले. हे गणित मालकाच्या सहसा लक्षात येत नाही, कारण महिन्याच्या आकड्यांच्या अहवालात ते कुठेच दिसत नाही.

२०१५ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एका संशोधनपत्रात मायकेल हाउसमन आणि डिलन मायनर यांनी ११ कंपन्यांमधल्या ५०,००० हून जास्त कर्मचाऱ्यांची माहिती तपासली होती. गैरवर्तनामुळे काढावी लागलेली माणसं कामाच्या वेगात बऱ्याचदा सरासरीपेक्षा पुढेच होती, म्हणून तर ती टिकून राहतात. पण असा एक माणूस टाळल्याने होणारा फायदा हा सर्वोत्तम एक टक्क्यातला माणूस मिळाल्याने होणाऱ्या फायद्याच्या दुपटीहून जास्त निघाला. ते कर्मचारी बरेचसे खालच्या फळीतले होते, वरचे अधिकारी नव्हते, त्यामुळे तो हिशेब जसाच्या तसा तुमच्याकडे लावता येणार नाही. तरी मला वाटतं, वरच्या खुर्चीतला माणूस असेल तर नुकसान वाढेल, कमी होणार नाही.

आणि तुमच्या कस्टमरने नवीन पार्ट थांबवलेत ते सरांना परत आणल्याने सुरू होतील असंही धरून चालू नका. त्यांच्या ऑडिटरला एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचा आठ पायऱ्यांत छडा लावणारा अहवाल हवा असतो, मूळ कारण हवं असतं, ते पुन्हा होणार नाही याची व्यवस्था हवी असते. 'आमचे जुने सर परत आले' हे सांगितलंत तर तो लगेच विचारेल, 'ते पुन्हा गेले तर?'

आता तुमच्या मनात, आणि हे वाचणाऱ्या पुष्कळ उद्योजकांच्या मनात असलेल्या समजुतीबद्दल. हुशार माणसं अशीच असतात, स्टीव्ह जॉब्स नव्हता का? ते उदाहरण मलाही पटतं, फक्त ते पूर्ण सांगायला हवं. जॉब्स १९८५ मध्ये अॅपलमधून बाहेर पडले. परत आले ते डिसेंबर १९९६ मध्ये, नेक्स्ट ही त्यांची कंपनी अॅपलने घ्यायचं ठरवलं तेव्हा. मधे अकरा वर्षं गेली. त्या काळात नेक्स्टचं हार्डवेअर चाललं नाही, ते बंद करावं लागलं. पिक्सार या त्यांच्या अॅनिमेशन सिनेमाच्या कंपनीत मात्र स्वतः सिनेमा न बनवता, ज्यांना तो बनवता येतो त्यांना बनवू द्यावा लागला. आणि परत आल्यावर लगेच गादीवर बसले नाहीत. आधी सल्लागार होते, सप्टेंबर १९९७ मध्ये हंगामी मुख्याधिकारी झाले आणि 'हंगामी' हा शब्द जानेवारी २००० मध्ये निघाला. परतल्यावर ते गाईसारखे गरीब झाले होते असं त्यांच्याबरोबर काम केलेलं कोणी म्हणत नाही. पण १९९८ मध्ये टिम कुक यांच्यासारखा माणूस ऑपरेशन्सला आला आणि वर्षानुवर्षं टिकला. तुमच्या सरांच्या बाबतीत मध्ये वर्ष-सव्वा वर्ष गेलंय आणि एक नोकरी सुटली आहे. तेवढ्याने माणूस बदलत नाही असं नाही. पण बदलला असं धरून चालायला ते पुरेसं नाही.

मग कसं ओळखायचं?

निरोपातले शब्द पुन्हा वाचा. 'झालं गेलं विसरून बोलावलंत तर.' बदललेला माणूस विसरायची अट घालत नाही. त्याला आठवत असतं. समोर बसल्यावर त्यांना एवढंच विचारा, 'सर, त्या दिवशी लाइनवर काय झालं, तुम्ही सांगा.' आणि गप्प बसा. त्या मुलाचं नाव घेऊन, आपण काय केलं ते 'पण' न म्हणता सांगता आलं, तर पुढे बोलण्यात अर्थ आहे. 'पण कस्टमर उरावर बसला होता', 'पण आजकालची पोरं नाजूक आहेत' असं सुरू झालं तर चहा पाजून निरोप द्या.

दुसरं, रागावर ताबा राहत नाही हे कारण मी सहसा मान्य करत नाही. कस्टमरचा ऑडिटर आला होता, तेव्हा सरांनी कधी गेज फेकला का? तुमच्या बाबांसमोर? बहुधा नाही. मग ताबा होता. तो कोणासमोर ठेवायचा हे ते निवडत होते. जो आजार असेल त्याला औषधपाणी आहे, समुपदेशन आहे, आणि त्याची गरज खरोखर असेल तर त्यात कमीपणा नाही. पण वर बघून हसणारा आणि खाली बघून ओरडणारा माणूस आजारी नसतो, त्याला तशी मुभा मिळालेली असते.

तिसरं, बेळगावला फोन करा. मालकाला करालच, पण मालक 'माणूस चांगला, जमलं नाही' एवढंच सांगेल. तिथे त्यांच्या हाताखाली काम केलेल्या दोघा-तिघांशी बोला. फाउंड्रीवाल्यांचं जग लहान आहे, ओळख निघते.

इथे आपल्या मातीतलाही एक समज तपासायला हवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पिढ्यान् पिढ्या पोरं मेस्त्रीच्या हाताखाली शिकली, आणि मेस्त्री बोलणारच हे सगळ्यांनी धरलेलं असतं. तुमच्या बाबांनीही शिव्या खाऊनच काम शिकलं असेल. ते खरं आहे आणि त्याला मी नावं ठेवत नाही. पण तो मेस्त्री शिवी घालतो आणि पुढच्या मिनिटाला पोराच्या हातातली कानस घेऊन कसं घासायचं ते दाखवतो. त्याचा राग कामावर असतो आणि काम झालं की संपतो. तुमच्या लाइनसमोर तो मुलगा दोन तास उभा राहिला, तेव्हा त्या कास्टिंगबद्दल तो काय शिकला? ब्लो होल, म्हणजे गॅसमुळे पडलेलं भोक, कुठून आलं, गॅस कुठे अडकला, व्हेंट कुठे हवा होता? काही नाही. तो एवढंच शिकला, की इथून निघायला हवं. कडक असणं आणि माणसाची मानहानी करणं यात मला हा फरक दिसतो, आणि तो तुमच्या सुपरवायझरनाही नक्की कळतो.

काही गोष्टींना मात्र दुसरी संधी नसते, ते स्पष्ट सांगते. अंगावर हात टाकणं, जातीवरून बोलणं, टेस्ट सर्टिफिकेट खोटं बनवणं, सुरक्षेची उपकरणं काढायला लावणं. आणि बाईमाणसाशी गैरवागणूक. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करता येते, कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. तिथे मालकाच्या मोठ्या मनाला जागा नाही. तुमच्या पत्रात असं काही नाही. पण कोऱ्या फाइलवरून ते घडलंच नव्हतं असंही ठरवू नका. कोअर शॉपमध्ये बायका असतील तर त्यांना विचारा, आणि बाईनेच विचारा.

हे सगळं धरून माझं मत सांगते. जुनी खुर्ची देऊ नका. त्यांच्या विद्येला संधी द्या, त्यांच्या अधिकाराला नको. सल्लागार म्हणून, सहा महिन्यांच्या लेखी करारावर, आठवड्याचे ठरलेले दोन-तीन दिवस त्यांना बोलवा. फी चांगली द्या, त्यात कद्रूपणा नको. पण त्यांच्या हाताखाली एकही माणूस नसेल. कोणाची रजा, कोणाची वाढ, कोणाची शिफ्ट त्यांच्या सहीने ठरणार नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये ते नसतील. काम एवढंच: तुमचे सर्वांत जास्त चालणारे दहा-बारा पार्ट घ्यायचे, प्रत्येकाचं गेटिंग आणि रायझर (साच्यात धातू नेणारे आणि पुरवणारे मार्ग), सँडच्या मर्यादा, पावसाळ्यात काय बदलायचं, कोणता दोष दिसला की आधी काय तपासायचं, हे तुमच्या दोन तरुण इंजिनीअरबरोबर बसून लिहून काढायचं. सहा महिन्यांनी ते दोघं फुटलेलं कास्टिंग बघून कारण सांगू शकले, तर सरांनी कमावलेलं काहीतरी मागे राहिलं. ते दोघं मध्येच तुमच्याकडे येऊन 'ताई, आम्हाला जमणार नाही' म्हणाले, तर करार त्या दिवशी थांबवायचा, कारण न विचारता. हे करारात लिहा आणि सरांना वाचून दाखवा.

सर नाही म्हणतील का? म्हणू शकतात. चौदा वर्षं 'सर' असलेल्या माणसाला हे कमीपणाचं वाटेल. पण त्यांना काम प्यारं आहे की खुर्ची, याचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल. मग ते स्पर्धकाकडे जातील ही भीती असेल, तर ती आधीच खरी होऊन गेली आहे. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नये अशी अट घातली तरी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे ती टिकत नाही. गोपनीय ड्रॉइंग, कस्टमरची माहिती यांचं संरक्षण वेगळं, ते करारात जरूर घाला. माणूस मात्र कागदाने बांधून ठेवता येत नाही.

हा प्रस्ताव त्यांच्यासमोर ठेवण्याआधी दोन कामं करा.

एक, शॉप फ्लोअरवर विचारा. पण सगळ्यांना कॅन्टीनमध्ये जमवून 'सर परत येतायत, कोणाची हरकत नाही ना?' असं नको. मालकीण समोर असताना कोण हरकत घेणार? कारखान्याबाहेरच्या, तुम्हाला आणि कामगारांनाही तटस्थ वाटेल अशा माणसाला एकेकाशी बोलायला सांगा, नावं तुम्हालाही कळू नयेत. आणि विचारणार असाल तर उत्तराने निर्णय बदलायची तयारी ठेवा. नाहीतर विचारू नका. ठरवून झाल्यावर मत घेणं लोकांना लगेच कळतं आणि ते जास्त लागतं.

दोन, त्या मुलाला फोन करा. तो दुसऱ्या कोणाकडून ऐकेल त्याच्या आधी. कंपनीच्या वतीने माफी मागा. सरांनी मागायची ती सर मागतील, तुमची वेगळी आहे. दोन तास तो लाइनवर उभा होता, तिथून ये-जा करणारी माणसं होती, आणि कोणी थांबवलं नाही. माफी मागताना 'सर बदललेत, तू त्यांना एकदा भेट' असं काही जोडू नका. माफ करायचं ओझं त्याच्यावर टाकू नका. त्याचा पगाराचा शेवटचा हिशेब, रिलीव्हिंग लेटर अडकलं असेल तर त्याच आठवड्यात द्या. बऱ्याचदा अशा पोरांची कागदपत्रं नोटीस पिरीयड भरला नाही म्हणून अडकवलेली असतात, आणि पुढच्या नोकरीत तोच त्यांचा अडथळा होतो.

बाबांशी बोलणं सगळ्यांत कठीण जाईल. महापुराची गोष्ट खरी आहे आणि ती मोठी आहे. रस्ते पाण्याखाली असताना घर सोडून कारखान्यात राहणारा माणूस लबाड नसतो. त्या उपकाराची फेड व्हायलाच हवी. पण उपकार तुमच्या घरावर आहेत, तर फेडही तुमच्या घरातून व्हावी. त्यांच्या घरी अडचण असेल तर पैशाने उभे राहा. दुसरीकडे नोकरी बघत असतील तर त्यांच्या कसबाबद्दल मनापासून शब्द टाका, आणि वागण्याबद्दल विचारलं तर खोटं बोलू नका. बाबांना असं सांगून बघा, 'तुमचं देणं मी फेडते, पण पोरांच्या पदरातून नाही.' ते चिडतील. मग दोन दिवसांनी बहुधा समजून घेतील, कारण त्यांनी उभी केलेली माणसंच यात भरडली गेली आहेत.

ज्यांच्याकडे असे सर अजून खुर्चीत आहेत त्यांना एवढंच सांगेन, की घटना घडल्याच्या आठवड्यात बोला. 'वागणूक सुधारा' असं मोघम नको. 'मंगळवारी सकाळच्या मीटिंगमध्ये तुम्ही अमुकला तमुक म्हणालात, हे इथे चालणार नाही', असं. ते लिहा आणि त्यांची सही घ्या. वाढीच्या वेळी तो कागद बाहेर काढा. हाताखालची किती माणसं टिकली आणि किती तयार झाली, हा आकडा रिजेक्शनच्या शेजारी लावा. हे केलंत तर काही सर वेळेत सावरतात, आणि जे सावरत नाहीत त्यांना काढताना तुमचा हात थरथरत नाही. आणि हे वाचणारे कोणी स्वतःच असे सर असतील, परत जायची इच्छा असेल, तर मालकाकडे निरोप पाठवण्याआधी त्या माणसांना फोन करा ज्यांना तुम्ही बोललात. सगळे उचलणार नाहीत. तरीही करा.

ताई, तुमच्यापुरतं आता क्रमाने. आधी ते युनिटचं आणि लॉगशीटचं गणित, कोणता पार्ट, कोणता दोष, कोणती पाळी हे सगळं मांडून. रिजेक्शनचं खरं कारण हातात येत नाही तोवर कस्टमरच्या दबावाखाली सरांबद्दल काही ठरवू नका. गरज पडली तर दरम्यान इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनच्या कोल्हापूर शाखेतल्या लोकांना विचारून बाहेरचा एखादा जाणकार महिनाभर आणा. मग फ्लोअर, मग तो मुलगा, मग बाबा, आणि शेवटी सर.

पॅटर्नवाल्याला मात्र आजच सांगून टाका. त्याचे तुमच्याशीही व्यवहार आहेत आणि सरांशीही, त्याला मधे ठेवू नका. 'निरोप पोचला. सरांना म्हणावं, मला थेट फोन करा.' आणि ते स्वतः फोन करतात का, बघा.